स्थिर चित्राची खटपट

दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात आमची धाकटी पहिल्यांदा लेझीम खेळली. सिंगापुरात जन्मलेली मुलगी. चार महिने दर रविवारी सराव, पायाला फोड, आईशी भांडण, सगळे सोपस्कार झाले होते. मी नेहमीप्रमाणे फोन उंच धरून, गर्दीतून वाट काढत, पथकाच्या बाजूबाजूने चालत सगळा कार्यक्रम टिपला आणि रात्रीच कोल्हापूरला आईला पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा आई म्हणाली, "छान झालं रे. मी डोळे मिटून ऐकलं."

आईला काही वर्षांपासून कानाच्या आतल्या भागाचा त्रास आहे. तोल जातो, गरगरते आणि हलते चित्र पाहिले की मळमळते. मी पाठवलेल्या चित्रफिती ती बहुधा अशाच ऐकत आली होती. तक्रार मात्र एकदाही केली नाही. मुलगा हौसेने पाठवतोय, मग कशाला बोला!

मला स्वतःचीच लाज वाटली, कारण माझी डॉक्टरेट यंत्रांच्या कंपनांवर आहे. पुढे पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये शिरलो हे खरे, पण कंपन कसे आवरावे यावर चार वर्षे घालवलेल्या माणसाला आपला हात हलतो हे कळू नये? (आमच्या सौ.ने हा मुद्दा त्या आठवड्यात तीनदा मांडला.) तेव्हापासून मी कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या साधनांच्या, म्हणजे स्टॅबिलायझरच्या मागे लागलो. ती खटपट, त्यात बुडालेले पैसे आणि शेवटी हाती लागलेले शहाणपण आपल्या सभासदांच्या उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

आधी थोडे शास्त्र. आपण चालतो तेव्हा आपले डोकेही हलतेच, पण जग हलताना दिसत नाही. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाकडून डोक्याच्या हालचालीची बातमी डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात पोहोचते आणि डोळे तितकेच उलट दिशेला फिरतात. आईचे नेमके हेच यंत्र बिघडले आहे. कोंबडीची तऱ्हा याहून मजेदार. तिला दोन्ही हातांत धरून हळूच इकडेतिकडे हलवा. अंग हलेल, डोके हवेत खिळल्यासारखे जागच्या जागी राहील. फोनला ना असा कान, ना अशी मान.

आता तुम्ही म्हणाल, हल्लीच्या फोनमध्ये स्थिरीकरण असतेच की. असते, पण दोन तऱ्हांचे. एकात भिंग किंवा सेन्सर मिलिमीटरच्या अंशाने सरकवतात. त्याने हाताची बारीक थरथर जाते, चालण्याचे हेलकावे जात नाहीत. दुसऱ्यात सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राच्या कडा कापून उरलेला भाग जुळवून घेते. भर उन्हात हे उत्तम चालते. सभागृहातल्या मंद दिव्यात मात्र प्रत्येक चित्र टिपायला वेळ जास्त लागतो, तेवढ्यात हात हलून ते चित्रच फरकटते आणि फरकटलेले चित्र कितीही नीट जुळवले तरी फरकटलेलेच राहते. आपले बहुतेक कार्यक्रम कम्युनिटी क्लबच्या मंद उजेडाच्या सभागृहात होतात हे आपण जाणताच.

सिनेमावाल्यांनी हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी सोडवला. त्याआधी चालता कॅमेरा हवा असेल तर रूळ टाकून त्यावर गाडी ढकलत. १९७०च्या दशकात गॅरेट ब्राउन या अमेरिकन छायाचित्रकाराने अंगावर बांधायचे एक साधन बनवले, तेच स्टेडीकॅम. ते दाखवण्यासाठी त्याने नमुन्याची फीत तयार केली. तीत त्याची मैत्रीण, जी पुढे पत्नी झाली, फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढते-उतरते. 'रॉकी'च्या दिग्दर्शकाने ती फीत पाहिली आणि १९७६च्या त्या सिनेमातला पायऱ्यांचा प्रसिद्ध प्रसंग तिथेच जन्मला. १९७८ मध्ये या शोधाला ऑस्करही मिळाले.

यातले तत्त्व आपल्याकडच्या डोंबाऱ्याला अनादि काळापासून ठाऊक आहे. दोरीवर चालताना तो लांब काठी आडवी का धरतो? वस्तुमान मध्यापासून दूर नेले की फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. अंतर दुप्पट, तर विरोध चौपट. त्यामुळे काठी चटकन कलत नाही आणि तोल सावरायला वेळ मिळतो. स्टेडीकॅममध्ये हीच काठी उभी धरलेली असते. वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला वजन आणि मध्ये, गुरुत्वमध्याच्या किंचित वर, सगळ्या दिशांना सैल फिरणारा सांधा, म्हणजे गिंबल. तुमचा हात सांध्याखालची मूठ धरतो. हाताची वळवळ सैल सांध्यात विरते आणि वर-खाली ताणलेले वस्तुमान आपल्या जागी निवांत राहते. वर-खाली होणारे धक्के मात्र सांधा शोषत नाही. त्यासाठी मूळ यंत्रात स्प्रिंगचा हात आणि अंगात घालायचे जाकीट असते. स्वस्त साधनात ते काम आपल्या गुडघ्यांनी करायचे असते. त्याविषयी पुढे.

हे साधन एकेकाळी स्टुडिओंनाच परवडे. पण तत्त्व इतके साधे की हौशी माणसे गप्प बसली नाहीत. जॉनी ली नावाच्या तरुण अमेरिकन संशोधकाने नळाचे पाइप, एक टी-जोड आणि व्यायामाचे वजन वापरून १४ डॉलरांत एक स्टॅबिलायझर केला आणि कृती सगळ्यांसाठी जाहीर केली. ज्याच्या घरी लेथ होते तो असे दहा-वीस बनवून विकू लागला. एकट्या-दुकट्याचा व्यापार तेव्हापासूनचा.

मग आली विजेची पिढी. फोनसाठी लाखोंनी बनू लागलेली सूक्ष्म संवेदके स्वस्त झाली, तशी हौशी विमाने उडवणाऱ्यांनी ती कॅमेऱ्याच्या सांध्याला जोडली. यात दोन संवेदके असतात. एक फिरण्याचा वेग सांगते. चपळ, पण विसराळू, हळूहळू भरकटणारे. दुसरे गुरुत्वाची दिशा सांगते. बेताचे हुशार, दीर्घकाळ विश्वासू, पण धक्का बसला की गोंधळणारे. दोघांचे म्हणणे योग्य प्रमाणात मिसळले की कॅमेरा किती कलला ते कळते आणि तीन मोटरी त्याला सेकंदातून शेकडो वेळा जागेवर आणतात. (बऱ्याच संसारांचे नियंत्रणही याच पद्धतीने चालते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) २०१३ मध्ये अमेरिकेत आलेल्या मोव्ही या व्यावसायिक यंत्राची किंमत १५,००० डॉलरांच्या घरात होती. २०१८ च्या सुरुवातीला शेन्झेनच्या डीजेआयने फोनसाठीचा गिंबल १२९ डॉलरांना काढला. पाच वर्षांत एवढी घसरण झाल्यावर नकला करणाऱ्यांचे पेव फुटणारच.

आता बाजार. आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, एकेकाळी भारतातून कोणी आले की हँडीकॅम घ्यायला त्यांना सिम लिम स्क्वेअरला किंवा फुनानला न्यावे लागे. फुनान २०१६ मध्ये बंद होऊन २०१९ मध्ये नव्या रूपात उघडले. सिम लिममध्ये २०१४ साली आयफोन घ्यायला आलेल्या एका व्हिएतनामी पर्यटकाने पैसे परत मिळावेत म्हणून दुकानात गुडघे टेकल्याची चित्रफीत जगभर फिरली आणि पुढच्या वर्षी दुकानमालक तुरुंगात गेला. पेनिन्सुला भागात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत, पण त्यांच्याकडे नामांकित वस्तू मिळते. चाळीस डॉलरांची कोणी ठेवत नाही. ती ऑनलाइनच मिळते आणि तीही ज्याचा चेहरा दिसत नाही अशा विक्रेत्याकडून.

मनाला धीर यावा म्हणून मी स्वतःला सावे दादांची आठवण करून दिली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत बसून २१ गिनी मोजून विलायतेहून चलच्चित्रणाचा रायली कॅमेरा मागवला. ना परतीची हमी, ना ग्राहकांचे तारांकित अभिप्राय. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, पण फीत धुवायला पुन्हा विलायतेलाच पाठवावी लागे. आपण काय टिपले ते कळायला आगबोटीची वाट पाहायची! आणि आमच्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेराच घरी बनवला. त्या मानाने आपले काय अडले होते?

पहिली खरेदी मी उतावीळपणे केली. विजेवर चालणारा, फोनसाठीचा गिंबल, ६८ डॉलर, मार्का कधी न ऐकलेला, "बारा तास चालणारी बॅटरी". चार दिवसांत घरी आला. मी खोके उघडले, वस्तू देखणी दिसली, आणि बाजारपेठेच्या ॲपवर "माल मिळाला" हे बटण दाबून मोकळा झालो. सगळ्यात मोठी चूक ही. अशा बाजारपेठांमध्ये आपण दिलेले पैसे ते बटण दाबेपर्यंत किंवा ठरावीक मुदत संपेपर्यंत मध्यस्थाकडे असतात. बटण दाबले की ते विक्रेत्याकडे जातात आणि आपली बाजू तिथेच लंगडी होते.

रात्री चालू करायला बसलो, तर यंत्र म्हणाले, आधी ॲप उतरवून घ्या. ॲप कुठेच नव्हते. बनवणाऱ्याने ते कधीच काढून घेतले होते. खटपटीने जुनी प्रत मिळवून यंत्र जागे केले, तर चाळीस मिनिटांत बॅटरी संपली. ती बाहेर काढली. १८६५० जातीची, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाची आणि ६५ मिलिमीटर लांबीची. वेष्टनावर ६००० मिलिअँपिअर-तास छापले होते. या आकारात चांगल्या कंपन्यांना साधारण साडेतीन हजारांच्या आसपासच जाता येते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. खऱ्या घटाचे वजन ४५ ते ५० ग्रॅम असते, हिचे ३१. आत काय भरले होते देव जाणे.

विक्रेत्याने "प्रिय मित्रा" अशी सुरुवात करून पाच डॉलर परत देऊ केले. वस्तू परत पाठवायचा खर्च ३५ डॉलर. इथे जरा कायद्याची बाजू सांगतो, कारण आपल्यातल्या अनेकांना ती अर्धवट ठाऊक असते. सिंगापुरात १ सप्टेंबर २०१२ पासून "लेमन लॉ" आहे. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूत सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो देतानाच होता असे धरले जाते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्याची. आधी दुरुस्ती किंवा बदली, ते जमले नाही तर किमतीत सूट किंवा परतावा. वापरलेल्या वस्तूंनाही तो लागू आहे, मात्र विकणारा व्यापारी हवा. कॅरोसेलवर शेजारच्या ब्लॉकमधल्या गृहस्थाने आपला जुना गिंबल विकला तर या कायद्याचा आधार नाही. वाद मिटला नाही तर स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल आहे: दोन वर्षांच्या आत, २०,००० डॉलरांपर्यंतचा दावा, वकील नाही, आणि पाच हजारांपर्यंतच्या दाव्याला ग्राहकाकडून अवघे दहा डॉलर शुल्क. पण हे सगळे समोरचा इथे सापडत असेल तर! परदेशातल्या निनावी विक्रेत्याला तुम्ही कुठून आणणार? त्याच्या बाबतीत तुमचे खरे हत्यार म्हणजे पैसे कशाने दिले ते. क्रेडिट कार्डाचा व्यवहार बँकेमार्फत आव्हान देता येतो. पेपॅलवर १८० दिवसांपर्यंत तक्रार उघडता येते. पेनाऊने थेट पाठवलेले पैसे म्हणजे समुद्रात टाकलेला नारळ.

आणखी एक: १ जानेवारी २०२३ पासून विमानाने किंवा टपालाने येणाऱ्या ४०० डॉलरांपर्यंतच्या वस्तूंवरही जीएसटी लागतो आणि २०२४ पासून तो ९ टक्के आहे. मोठ्या बाजारपेठा तो बिलातच घेतात. जो छोटा विक्रेता नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, तो घेत नाही. म्हणजे "जीएसटी दिसत नाही, अर्थी फसवणूक" असे समजू नये. चार्जिंगचा ॲडाप्टर मात्र फुकट मिळाला तरी वापरू नका. सिंगापूरचा सेफ्टी मार्क असलेला घरचाच वापरा.

पहिल्या फजितीनंतर मी तीन महिने काहीच घेतले नाही. मग एक ठरवले: घेण्याआधी विक्रेत्याला असा प्रश्न विचारायचा, ज्याचे उत्तर वस्तू स्वतः हाताळल्याशिवाय देता येणार नाही. "माझ्या कॅमेऱ्याचे वजन भिंगासकट ६४० ग्रॅम, तोल साधायला खाली किती वजन लागेल?" सहा जणांना विचारले. चौघांनी "होय, चालेल" एवढेच कळवले. एकाने जाहिरातच परत पाठवली. सहावा तैवानमधल्या ताइचुंगचा. तो भाग यंत्रसामग्रीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्धच आहे. त्याने उलट मलाच चार प्रश्न विचारले. भिंग झूम करताना लांब होते का? पडदा बाजूला उघडून ठेवणार का, कारण त्याने गुरुत्वमध्य सरकतो. सलग किती मिनिटे धरणार? वारा असेल का? आणि शेवटी लिहिले की साठ सेंटिमीटरचा महाग नमुना घेऊ नका, दहा मिनिटांत मनगट भरून येईल. चाळीस सेंटिमीटरचा पुरे. स्वतःची महाग वस्तू घेऊ नका म्हणणारा दुकानदार मला लक्ष्मीपुरीतल्या एका किराणावाल्यानंतर हाच भेटला.

१४५ डॉलर, टपालासह. बिनविजेचा, बिनॲपचा, साधा यांत्रिक. आला तेव्हा सांध्यातला एक बेअरिंग किंचित खरखरत होता. त्याने फोटो नाही मागितला. म्हणाला, कानाशी धरून फिरवा आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवा. ऐकून नवा बेअरिंग पाकिटातून पाठवला. खालची वजने मात्र मला बारीक फरकाची हवी होती. त्या डिसेंबरात कोल्हापूरला गेलो तेव्हा मामाने उद्यमनगरातल्या त्याच्या लेथवर स्टेनलेस स्टीलच्या चकत्या काढून दिल्या: ५०, २० आणि १० ग्रॅमच्या. येताना सामान तपासणाऱ्याला त्या कशासाठी हे समजावण्यात पंधरा मिनिटे गेली.

तोल साधणे हे खरे काम, आणि ते घाईत होत नाही. आधी कॅमेरा पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवून दांडा सरळ उभा राहील असे करायचे. मग दांडा आडवा धरून सोडायचा आणि तो उभा व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. दोन ते तीन सेकंद हवेत. एका सेकंदात उभा झाला तर खालचा भाग जड आहे. चालायला लागताच तो घड्याळाच्या लंबकासारखा डोलू लागेल. पाच सेकंद लागले तर वाऱ्याच्या झुळकेनेही कलेल. दहा ग्रॅमची चकती इथे कामाला येते. विजेचा गिंबल घेतलात तरी तो बंद असताना आधी हाताने तोल साधून घ्या. मोटरींना वजन उचलायला लावले की त्या तापतात, गुणगुणतात आणि चित्रात बारीक थरथर उतरते. आणि उचलण्याची कमाल मर्यादा पाहताना किमानही पाहा. जड कॅमेऱ्यासाठी केलेल्या यंत्रात हलका फोन नीट बसत नाही.

चालणे तर नव्याने शिकावे लागते. डोक्यावर दोन घागरी घेऊन येणारी बाई आठवा. कमरेखाली सगळे हलते, घागरीतले पाणी हिंदकळत नाही. गुडघे किंचित वाकलेले, टाच आधी, मग पाऊल अलगद, पावले आखूड. एका हाताने मूठ धरायची आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे सांध्याखाली नुसती टेकवून दिशा द्यायची. दाबले की बिघडले. मी आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकमध्ये रोज रात्री वीस मिनिटे असा चालत असे. दुसऱ्या आठवड्यात तिथे बसणाऱ्या एका चिनी आजोबांनी काळजीने विचारले, पाठीला काही झाले आहे का? उघड्यावर, ईस्ट कोस्टसारख्या ठिकाणी, वाऱ्यापुढे या साधनाचे काही चालत नाही. तिथे विजेचाच बरा.

गेल्या गणेशोत्सवात अकरा मिनिटांची फीत केली. यंत्राच्या मानाने ती काही सिनेमासारखी झालेली नाही. मधे एकदा ध्वज आडवा आला, शेवटी माझा हात भरून आला ते दिसते. आईने ती दोन बैठकांत पाहिली. मग फोन आला. "अरे, हिला मागच्या रांगेत का उभी केली? आणि केस कुणी बांधले तिचे?"

माझ्याकडचा स्टॅबिलायझर सणाचे दिवस सोडून रिकामाच असतो. सभासदांपैकी कोणाला हवा असल्यास खुशाल न्यावा. कॅमेऱ्याचे वजन आधी कळवावे आणि चकत्यांची पिशवी मोजून परत द्यावी. दहा ग्रॅमची एक आधीच हरवली आहे.